आवाज विभाग लवकरच

८ जानेवारी

आजपासून रोज लिहिणार. कुणाला दाखवायचं नाही, त्यामुळे बढाया मारायचं कारण नाही.

नोकरी लागली. ऑफिसचं नाव लांबलचक आहे, सगळे नुसतं ‘केंद्र’ म्हणतात. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, हात चालत नाहीत, बोलता येत नाही, अशांसाठी फोनवर आणि कॉम्प्युटरवर जे जे निघालंय, त्या सगळ्याची माहिती एका जागी आणायची. पाच संस्था मिळून एकच पोर्टल. आतापर्यंत प्रत्येक संस्थेची माहिती आपापल्या कपाटात. एखाद्याला नुसतं विचारायचं असलं की बोटं वळत नाहीत तर टाइप कसं करू, तर पाच दारं ठोठावा. आता एकच दार. ते मी बनवणार.

म्हणजे दार दुसरी एक कंपनी बनवतेय. मी माहिती भरणार. पण माहितीशिवाय नुसत्या दाराला काय अर्थ?

नोकरी आत्यामुळे लागली. मॅडमना आणि त्यांच्या दोन्ही मुलांना आत्यानेच पोहायला शिकवलं. मॅडम केंद्राच्या प्रमुख आहेत, पण आत्याचा फोन आला की अजून उभ्या राहून घेतात. मुलाखतीत मला एकच विचारलं, एका जागी बसून काम करशील ना? मी म्हटलं, अर्थात. म्हणताना मी त्यांच्या खिडकीशी उभा राहून खाली क्रेनने पियानो चढवत होते ते बघत होतो.

निश्चय : या वर्षी एक गोष्ट पूर्ण करायची. कुठलीही चालेल.

११ जानेवारी

माझं पद ‘माहिती भरणे (मदतनीस)’. वाचायला केविलवाणं वाटतं. ईमेलच्या खाली मी ‘माहिती-शिल्पकार’ असं टाकलं.

टेस्टरशी ओळख झाली. त्याला जन्मापासून दिसत नाही. पोर्टलचं प्रत्येक पान आधी तो तपासणार. त्याचा कॉम्प्युटर स्क्रीनवरचं सगळं मोठ्याने वाचतो, तेही इतक्या वेगात की मला वाटलं बिघडलाय. तो म्हणाला, मशीन ठीक आहे रे, तुझे कान नवे आहेत. मग त्याने माझी ईमेल ऐकली. सहीसकट. तेव्हापासून मला शिल्पकार म्हणतो. कौतुकाने म्हणत असावा.

१९ जानेवारी

बरेच दिवस आत्याची शिट्टी वाजत नव्हती. ओठ नीट आवळले जात नाहीत म्हणाली. तिने शिट्ट्या बदलून पाहिल्या. शेवटी ताई आली आणि तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. ताई म्हणजे आत्याची मुलगी, दुसऱ्या शहरात नर्स आहे. मीही गेलो.

डॉक्टर चांगले होते. टेबलावर फुलदाणी. म्हणाले, जिभेचे आणि घशाचे स्नायू हळूहळू काम सोडणार. हात अजून बरेच दिवस साथ देतील. बोलणं आधी जाईल. औषधाने जरा लांबवता येईल, थांबवता येणार नाही. काही महिने धरून चाला.

आत्या तरणतलावावर पोहायला शिकवते, माझ्या जन्माच्या आधीपासून. तिचा आवाज या टोकापासून त्या टोकाला पोचतो, शिवाय पाण्याखाली, अशी तिची ख्याती. तिने डॉक्टरांना विचारलं, मग मी पोरांना ओरडू कशी?

डॉक्टरांनी फुलदाणी जरा सरकवली.

मला काही वाटलं नाही. वाटेल म्हणून वाट पाहिली. खाली पार्किंगमध्ये एक माणूस गाडीचं दार उघडेना म्हणून खिडकीतून आत शिरत होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. ते बघत बराच वेळ उभा राहिलो. ताईने हात धरून नेलं.

२१ जानेवारी

योगायोग म्हणतात तो हा. चौथ्या संस्थेच्या गठ्ठ्यात आज हे सापडलं : आवाज साठवून ठेवणारे प्रोग्राम. आवाज शाबूत आहे तोवर माणसाने मशीनपुढे बसून त्यांची ठरलेली वाक्यं वाचायची. मशीन त्यावरून आवाज शिकतं. पुढे बोलता येईनासं झालं की टाइप करायचं, मशीन त्याच माणसाच्या आवाजात बोलून दाखवतं. असे तीन प्रोग्राम आहेत.

घरी सांगितलं. आत्या म्हणाली, म्हणजे मी गप्प आणि माझा आवाज चालू? तुझे काका असते तर म्हणाले असते, आवाज तरी एकदाचा जाऊ द्या. (काका जाऊन बरीच वर्षं झाली. आत्या त्यांच्यावर अजून वैतागते.)

पण मग बराच वेळ तिने प्रश्न विचारले. मोठ्याने लावता येईल का? ओरडता येईल का? तलावाच्या व्यवस्थापकाने तिला सांगून ठेवलंय, पोरं ऐकतील अशी काही सोय झाली तर काठावर खुर्ची टाकून शिकवत राहा, नाहीतर लॉकरच्या चाव्यांच्या खिडकीवर बसा. आत्या म्हणाली, चाव्या वाटत बसण्यापेक्षा मी लॉकरमध्येच बसेन, बाहेरून कुलूप लावा.

ताईचा फोन. तिच्या ओळखीच्या वाचा-उपचाराच्या बाई आहेत, त्या असं रेकॉर्डिंग करून देतात, सोमवारची वेळ मिळतेय. मी म्हटलं, कशाला? घरात या विषयातला माणूस असताना? सोमवार रद्द करायला लावला. ताई म्हणाली, ए बाबा, नक्की करशील ना? मी म्हटलं, ताई, माझं कामच ते आहे.

निश्चय : तिन्ही प्रोग्रामची शास्त्रीय तुलना करायची, तक्ता पोर्टलवर टाकायचा, त्यात जो पहिला येईल तो आत्याला. एकदा चुकीच्या प्रोग्राममध्ये आवाज गेला की कायमचा गेला. घाई नको.

२ फेब्रुवारी

तक्ता जोरात. आधी चार रकाने होते : भाषा, वेळ किती लागतो, ओरडता येतं का, रेकॉर्डिंग कुठे साठतं. आता खूप झालेत. आज ‘हसण्याची सोय’ हा रकाना घातला, कारण आत्या हसते ते बोलण्याइतकंच ओळखीचं आहे. तिन्ही कंपन्यांना ईमेल पाठवली की तुमच्या प्रोग्राममध्ये हसता येतं का. उत्तराची वाट पाहतोय.

टेस्टरला विषय सांगितला. तो म्हणाला, कुठलाही घे, पण या आठवड्यात घे. हे अगदीच अशास्त्रीय. मी त्याला म्हटलं, मग पोर्टल कशाला बनवतोय आपण? लोकांनी तुलना करून निवडावं म्हणूनच ना? तो म्हणाला, लोकांनी रे, शिल्पकार. तू कुठे लोक आहेस?

म्हणजे काय ते कळलं नाही. दिवसभर एका हाताने टाइप करायच्या कीबोर्डची माहिती भरली. अनुभवातून लिहावं म्हणून एका हाताने टाइप करायला शिकलो. दुसरा हात मोकळा राहिला. त्याने सँडविच खाल्लं.

१४ फेब्रुवारी

रेकॉर्डिंगसाठी खोली शांत हवी. आत्याची मागची खोली निवडली. भिंतींना घोंगड्या, दाराला गादी, खिडकीला काकांचा जुना ओव्हरकोट. आतला आवाज बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. आत्या बघायला आली, म्हणाली, अरे भिंगरी, मला बोलायचंय की मला पुरायचंय? लहानपणापासून भिंगरी म्हणते मला. एका जागी राहत नाही म्हणून.

खोली तयार आहे. उरलं फक्त रेकॉर्डिंग.

मग लक्षात आलं, फ्रिजची घरघर गादीतूनही येते. फ्रिजचा अभ्यास करावा लागेल.

२६ फेब्रुवारी

प्रोग्रामची ठरलेली वाक्यं वाचली. ‘खिडकीजवळ निळी खुर्ची आहे.’ ‘काल आम्ही बाजारातून दोन छत्र्या आणल्या.’ आत्या असलं जन्मात बोललेली नाही. हिच्या तोंडून असली वाक्यं शिकलेलं मशीन उद्या पोरांना छत्र्या विकेल.

कल्पना : आत्याची स्वतःची वाक्यं जमवायची. तलावावर जाऊन ऐकायची, लिहून घ्यायची, आणि मग तीच तिला मागच्या खोलीत बसवून वाचायला द्यायची. असं आजवर कुणीच केलं नसणार. मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, छान आहे, पण ऐकू न येणाऱ्यांचा विभाग अजून अर्धा भरायचाय. मी म्हटलं, त्याच्याकडेच येतोय.

९ मार्च

सकाळी तलावावर. क्लोरीनचा वास, ओल्या फरश्या, छतापर्यंत घुमणारा कालवा. आत्या काठावर. मी मागच्या बाकावर पेन घेऊन.

आज मिळालेली वाक्यं : पाय मार, पाणी काय अंगाई म्हणतंय का? नाक धरू नकोस, ते पळून नाही जात. भिंत सोड, भिंतीला तू आवडत नाहीस. काठावर बसून पाय हलवणारी माणसं मला लांबून कळतात. (हे शेवटचं म्हणताना माझ्याकडे बघत होती, पण घेतलं लिहून.)

‘स’ आणि ‘श’ जरा घसरतात तिचे. तलावात सगळ्यांचेच घसरतात. घुमतं ना.

दुपारी टेस्टरला वाक्यं वाचून दाखवली. खूप हसला. मग म्हणाला, मी विचारतो म्हणून राग मानू नकोस, आत्या बोलत होत्या तेव्हा तू तिथेच होतास. खिशात फोन होता. मग लिहिलंस का? रेकॉर्ड का नाही केलंस?

मी त्याला समजावलं की घुमणाऱ्या जागेतलं कच्चं रेकॉर्डिंग कुठल्याच प्रोग्रामला चालत नाही. तो म्हणाला, प्रोग्रामला नाही चालत. मग डोक्यावर हेडफोन चढवला आणि मशीन त्या भयंकर वेगात सुरू केलं.

१७ मार्च

टेस्टरशी वाद. पोर्टलवर प्रत्येक फोटोखाली न दिसणाऱ्यांसाठी फोटोचं वर्णन लिहायचं असतं, त्याचं मशीन ते वाचतं. फोटो शेकड्यांनी. मी सगळीकडे ‘सुंदर फोटो’ असं एकदम भरून टाकलं होतं. तो म्हणाला, सकाळपासून मी सुंदर फोटो, सुंदर फोटो, सुंदर फोटो ऐकतोय, काठी कुठली आणि कीबोर्ड कुठला ते सांग, सुंदर आहे की नाही ते माझं मी ठरवीन. शिवाय पहिल्या पानावर मी सरकणारी पाटी बसवून घेतली होती, ‘सर्वांसाठी खुलं’. ती सरकली की त्याचं मशीन बोलता बोलता थांबतं आणि पहिल्यापासून सुरू करतं. त्यामुळे त्याला गेला आठवडाभर पहिल्या पानाच्या पुढे जाता आलेलं नाही.

पाटी काढायला सांगितली. मी म्हटलं, बघतो. पाटी फार छान सरकते.

वर्णनं नीट लिहायला घेतली. कानाच्या मशीनचं पहिलं वर्णन दीड पान झालं. त्यात संध्याकाळच्या उजेडाचा उल्लेख आहे. काम म्हणजे काम.

२५ मार्च

शेजारच्या शहरात या सगळ्या उपकरणांचं प्रदर्शन. मॅडमनी एक दिवसासाठी पाठवलं. आवाजवाल्या तिन्ही कंपन्या तिथे असणार. तक्त्यातले रिकामे रकाने तिथल्या तिथे भरून टाकणार, परवा आत्याचं रेकॉर्डिंग. आत्याला तसं सांगितलं. तिने मागच्या खोलीत पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला.

७ एप्रिल

परत आलो.

झालं असं की प्रदर्शनात एक जण भेटला. हात चालत नाहीत त्यांच्यासाठी मानेने वळवायची होडी बनवतो. होडी बघायला त्याच्या गावी गेलो. एका दिवसाचंच होतं. होडी गळत होती, मग डांबर लावायला थांबलो. तिथून एक ट्रक समुद्राकडे निघाला होता.

आवाजवाल्यांच्या टेबलापर्यंत जाणं झालं नाही.

मॅडमना होडीचा फोटो दाखवला. म्हणाल्या, हे डिजिटल आहे का?

९ एप्रिल

आत्या हल्ली कमी बोलते. घरात शांतता असते. रेकॉर्डिंगच्या दृष्टीने चांगलं.

बोलते तेव्हा मला दोनदा विचारावं लागतं. ट्रकमधून आल्यापासून माझे कान जरा बसलेत, त्यामुळे असेल. आज जेवताना तिने काहीतरी सांगितलं. मी हो म्हटलं. तिने परत सांगितलं. मी परत हो म्हटलं. मग ती स्वतःच उठून मीठ घेऊन आली.

२० एप्रिल

ताई आली. मागच्या खोलीत गेली, घोंगड्या बघितल्या, बाहेर आली. म्हणाली, इथे काय ठेवलंय? मी म्हटलं, सगळं तयार आहे. ती म्हणाली, तयार कधीपासून? मी तक्ता दाखवला. तिने पहिली ओळ वाचली आणि लॅपटॉप बंद केला. जोरात नाही.

मग ताईने शांतपणे विचारलं, आई तुला फोनवर टाइप न करता बोलूनच निरोप पाठवायची ना? येताना ब्रेड आण, कुठे उलथलायस, ते सगळे? तेच दे, निदान तेवढं तरी. तिच्या स्वतःच्या फोनवर फारसं नाही, तिला आत्या रोज फोन लावून थेटच बोलायची.

फोनमध्ये जागा नव्हती म्हणून ते मार्चमध्ये काढून टाकले होते. प्रदर्शनाचे व्हिडिओ घ्यायचे होते. तसं सांगितलं. ताईने आत्याच्या केसांना तेल लावलं आणि स्टेशनवर गेली.

मला वाईट वाटायला हवं होतं. नळ गळत होता. तो दुरुस्त करायला घेतला, अजून थोडा गळतोय.

निश्चय : आता दुसरं काही नाही. फक्त तक्ता.

४ मे

तक्ता पूर्ण. पहिल्यांदा आयुष्यात काहीतरी पूर्ण केलं. मॅडमना, टेस्टरला, ताईला पाठवला. निकाल स्पष्ट : तिसरा प्रोग्राम. ओरडता येतं, मोठा स्पीकर जोडता येतो, आणि हसण्याचीसुद्धा सोय आहे, त्यांनी फेब्रुवारीतच कळवलं होतं, ईमेल मी आज उघडली.

तिसरा प्रोग्राम डाउनलोड करायला गेलो. पान उघडलं. कंपनीने मार्चअखेर हा प्रोग्राम बंद केलाय. ग्राहकांचे आभार मानलेत.

तक्त्यात ‘अजून चालू आहे का’ हा रकाना घालायला हवा होता. घातला.

दुसरा क्रमांक : पहिला प्रोग्राम. हाही वाईट नाही. आठवडाभरात.

१२ मे

रेकॉर्डिंग.

आत्याने चांगली साडी नेसली होती. मी म्हटलं, आत्या, फोटो नाहीये. ती म्हणाली, माहितीये. निदान तसंच म्हणाली असावी. मागच्या खोलीत बसवलं, माइक लावला, फ्रिज बंद केला. पहिलं वाक्य त्यांचंच वाचावं लागतं, चाचणी म्हणून. खिडकीजवळ निळी खुर्ची आहे.

तिने वाचलं. मशीनने सांगितलं, आवाज स्पष्ट नाही, कृपया पुन्हा वाचा.

तिने पुन्हा वाचलं. कृपया पुन्हा वाचा. खुर्ची सरकवली, माइक जवळ घेतला. कृपया शांत जागी बसून पुन्हा वाचा. एवढी शांत जागा अख्ख्या गल्लीत नसेल. मी माइक तपासला, तार तपासली. मी स्वतः वाचून पाहिलं. मशीन म्हणालं, उत्तम, पुढचं वाक्य. ते पुसून टाकावं लागलं.

आत्या वाचतच राहिली. प्रत्येक वेळी सावकाश, पोरांना दाखवतात तसं तोंड मोठं उघडून. घोंगड्यांमुळे खूप उकडत होतं. साडीचा पदर कपाळाला लावत वाचत होती. शेवटी तिने निळीच्या जागी दुसरंच काहीतरी म्हटलं, मला कळलं नाही, पण चेहऱ्यावरून शिवी असावी. मशीन तेवढ्याच नम्रपणे म्हणालं, कृपया पुन्हा वाचा.

मग ती उठली. माझ्या खांद्यावर थोपटलं आणि खिडकीवरचा काकांचा ओव्हरकोट काढून घडी घालून ठेवला.

कंपनीला तक्रार पाठवली. चाचणीची पातळी फार कडक आहे.

२० मे

तयार आवाजांतून एक निवडायचा. यादीत पाच बायका. नावं नाहीत, स्त्री एक, स्त्री दोन, अशा. मी एकेक वाजवून दाखवली. स्त्री एक विमानातली वाटते. स्त्री तीन बँकेतली. आत्याने सगळ्या ऐकल्या, मग टाइप केलं, यांच्यापैकी कुणाला पोहता येतं?

स्त्री दोनने ते वाचून दाखवलं. म्हणून स्त्री दोन.

१ जून

पोर्टल सुरू झालं. सभागृहात पाचही संस्थांचे लोक. मॅडम बोलल्या, चांगलं बोलल्या. सरकणारी पाटी काढून टाकलेली होती, कुणी काढली कळलं नाही. टेस्टरने सगळ्यांसमोर डोळ्याच्या हालचालीवर चालणारा माउस शोधून दाखवला, लगेच सापडला. टाळ्या. ऐकू न येणाऱ्यांचा विभाग मॅडमनी स्वतः बसून भरला म्हणे, मी होडीकडे होतो तेव्हा.

आवाज विभागावर दाबलं की ‘लवकरच’ असं येतं. मॅडम म्हणाल्या, अर्धवट आणि बंद पडलेल्या प्रोग्रामची माहिती देण्यापेक्षा हे बरं. त्यांनी मला ऑगस्टपासून दुसरं काहीतरी बघायला सांगितलं. ‘लवकरच’ची अक्षरं मात्र मी निवडली होती. ठसठशीत दिसतात.

चहाच्या वेळी टेस्टर शेजारी आला. मला वाटलं बोलेल. त्याने विचारलं, आत्या कशा आहेत? मी म्हटलं, ठीक. तो म्हणाला, त्यांना नमस्कार सांग. शिल्पकार म्हणाला नाही.

११ जून

आत्याची तलावावर चाचणी. काठावर खुर्ची, मांडीवर टॅबलेट, मागे मोठा स्पीकर. व्यवस्थापक, ताई, मी. पोरं पाण्यात, सगळ्यांचं लक्ष स्पीकरकडे.

आत्याने टाइप केलं. स्त्री दोन म्हणाली, पाय मारा. पोरं खिदळली. स्त्री दोन म्हणाली, हसू नका. पोरं आणखी खिदळली. एक जण काठाशी येऊन म्हणाला, बाई, हिला गाढव म्हणायला लावा ना. आत्याने लावलं. स्त्री दोनने गाढव असं म्हटलं की जणू पुढचं स्टेशन तेच आहे. त्यानंतर कुणीच पोहलं नाही. घुमण्यामुळे अर्धे शब्द छतातच राहत होते.

व्यवस्थापक वाईट माणूस नाही. चाव्यांच्या खिडकीचं नाव न घेता म्हणाला, मशीनचं पोरं ऐकत नाहीत, माणसाचं ऐकतील. बाई टाइप करतील ते कुणीतरी शेजारी उभं राहून ओरडलं तर महिनाभर बघू.

ताईने माझ्याकडे पाहिलं. विचारलं नाही.

सकाळी सहाला. रोज. मी म्हटलं, ऑगस्टपर्यंत माझी नोकरी आहे. ताई म्हणाली, ती दहाला असते.

हे तात्पुरतं आहे. कंपनीचं उत्तर यायचंय.

१५ जून

सहाला तलावावर. वेळेत. (सव्वासहा.)

आत्याच्या खुर्चीशेजारी उभं राहायचं, तिच्या टॅबलेटवर बघायचं, येईल ते ओरडायचं. माझा आवाज बारीक आहे हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा ओरडलो तर पोरांनी कोण बोललं म्हणून इकडेतिकडे पाहिलं. आत्याने टाइप केलं, पोटातून. तेही मी ओरडलो. पोरांना वाटलं पोट आत घ्यायचंय, सगळ्यांनी घेतलं.

हळूहळू जमायला लागलं. हात लांब. मान खाली. श्वास सोड. ती टाइप करते, मी ओरडतो, पोरं करतात. मधे मी स्वतःचं एकदोन घातलं, तर तिने कोपर मारलं. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की मी वाचायच्या आधी विचार करत नाही. डोळ्यांतून आत, तोंडातून बाहेर. बरं वाटत होतं की काही वाटत नव्हतं, सांगता येत नाही. नवी पोरं भिंत धरून पाय मारायला लागली. पाणी चांगलंच उडत होतं. आत्या भराभर टाइप करायला लागली, मी भराभर ओरडायला लागलो.

मागे सर, भिजशील, असं आलं. मी पोटातून ओरडलो.

पोरांचे पाय थांबले. गळ्यापर्यंत पाण्यात होती सगळी. एकमेकांकडे बघितलं. मग भिंत सोडून निमूटपणे मागे मागे गेली, तलावाच्या मध्यापर्यंत, न धरता, न बुडता.

मी होतो तिथेच उभा होतो. बुटांत पाणी गेलं होतं. आत्याचे हात मांडीवर होते, आणि ती माझ्याकडे बघत होती.